पान सात

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
मी एक किनारा जुळवते आहे.
बारा पानी, चाररंगी, आर्टपेपरवर.
शुक्रवारी छपाईला जायलाच हवा.

पश्चिम ऑस्ट्रेलिया. मजकूर बेलसऱ्यांचा:
आठ महाराष्ट्र मावतील एवढी जमीन,
माणसं आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाहीत,
त्यातलीही बहुतेक एकाच शहरात.
उरलेल्या किनाऱ्यावर कोण असतं
ते मजकुरात नाही.

पान तीन, गुलाबी तळं.
इतकं गुलाबी की मी रंग दोनदा उतरवला.
बेलसरे म्हणाले, राहू दे, तसंच आहे ते.
पान चार, वाळू नसलेला किनारा:
नखाएवढे पांढरे शिंपले,
पुरुषभर खोल, आणि त्याखाली अजून.
पान पाच, उथळ खाऱ्या पाण्यातले काळे गोटे.
गोटे दिसतात, पण जिवंत आहेत,
वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाहीत.
मी मथळा दिला, 'पृथ्वीवरचे जुने रहिवासी'.
'आमच्या सोसायटीच्या चेअरमनपेक्षा?'
बेलसरे स्वतःच हसले.

खिडकीखाली कुणीतरी
कुणाच्या तरी दारापुढे गाडी लावली आहे
आणि त्याविषयी अत्यंत शुद्ध मराठीत
बोलणं चालू आहे.

पान सातला मजकूर कमी पडला.
अर्धं पान पांढरं.
'मोकळी जागा दिसली की
गिऱ्हाइकाला वाटतं, फसवलं,' बेलसरे म्हणाले.
'मिरीकर बाई येतील, गेल्या वर्षीच्या बॅचच्या.
त्यांचा अनुभव टाक. फोटोसकट.'

कुमुदिनी मिरीकर आल्या.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं,
कानाला यंत्र, हातात कापडी पिशवी.
जिना चढून आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही.
चष्मा बदलून पहिली पाच पानं वाचली,
'आल्हाददायक'मधली माझी चूक काढली,
मग म्हणाल्या, हे सगळं आहे तिथे, खोटं नाही.
पण हे बघायला आम्ही दिवसातले वीस मिनिटं उतरायचो.
बाकीचा वेळ रस्ता.
त्याचं पान कुठाय?

रस्त्याला काय दाखवणार, मी विचारलं.

तांबडी माती, त्या म्हणाल्या. झुडपं. परत तीच झुडपं.
पाटी येते: पुढचा पंप दोनशे ऐंशी किलोमीटरवर.
आपल्याकडे पाट्या काय करू नका ते सांगतात,
ती नुसतं सांगते, किती लांब आहे.
डावीकडे समुद्र असतो, दिसत नाही, नुसता वास.
तासाभराने समोरून एक गाडी येते
आणि तो ड्रायव्हर, ओळख ना पाळख,
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो.
एवढंच. हात नाही हलवत.
आमचाही ड्रायव्हर उचलायचा.
मी मोजत होते. सात दिवसांत एकशे बारा बोटं.

चौतीस वर्षं मी लोकांना जोडून देत होते, त्या म्हणाल्या,
पण बोलायचे ते, मी मधून बाजूला व्हायचे.
तिथे पहिल्यांदा एक बोट माझ्यासाठी होतं.
निदान, मी ते माझं धरलं.

मग पिशवीतून पितळी डबी काढली.
आतला शिंपला टेबलावर ठेवला, परत डबीत घातला.
आणायची परवानगी नसते, म्हणाल्या,
बुटात अडकून आला.
फोटो द्यायचा राहूनच गेला.

मी पान सात तसंच ठेवलं.
खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात:
'पुढचा पंप २८० कि.मी.'
रात्री बेलसऱ्यांनी त्या पांढऱ्यावर
'लवकर नोंदणी करणाऱ्यांना दहा टक्के सूट' टाकायला लावलं,
पिवळ्या चांदणीत.
चांदणी मी जमेल तेवढी लहान केली.

साडेनऊला निघाले.
अलका चौकात सिग्नल सुटला,
समोरून एक स्कूटर, मागे तीस, बाजूने रिक्षा.
मी हँडलवरचं एक बोट उचललं.

स्कूटरवाल्याने माझ्याकडे पाहिलं,
मग खाली, आपल्या इंडिकेटरकडे,
तो चालू राहिला असावा म्हणून.
नव्हता.
तरी त्याने एकदा बंद केला.